कापसात भरलेली कॅसेट

आमच्या रामाकोना गावच्या सुधाकरची पॉप गाण्यांची कॅसेट कशी गाजली, माहीत हाय का तुमाले? डिस्कोचे दिवस होते. आवाज घुमू नये म्हणून आमी ती घरच्या कापसाच्या खोलीत भरली. सुधाकर कापसाच्या गंजीवर उभा राहून गाऊन राहिला, टेपरेकॉर्डर माह्या हातात, ढोलकीवाला बाजूले. शेवटच्या गाण्यात गड्यानं जोशात उडी मारली अन् गळ्यापर्यंत आत गेला.

"काढा रे मले, काढा रे मले!"

मले वाटलं, गाण्यातलंच हाय. मी ढोलकीवाल्याले म्हटलं, "वाजव जोरात!"

तेच गाणं सौंसरपासून तिगावपर्यंत लग्नालग्नात वाजलं, अन् कापसाचा किस्साही संगं पसरला. मंग पांढुर्ण्याहून कार्यक्रमाचं बोलावणं आलं. सुधाकर नवा शर्ट घालून गेला. मंडळवाले त्याच्या मागं रस्त्याकडे पाहून राहिले.

"तुमी आले ते ठीक हाय भाऊ, पण कापसानं भरलेली बैलबंडी कुठी हाय?"