त्र्यंबक वाळवंटात काय करतो

—अगं, बस की, उठतेस कशाला? मी काही खात नाही तुला. सावली काय ती एवढ्या शेडखालीच आहे, बाकी नुसती पांढरी वाळू — डोळे दुखत नाहीत का गं तुमचे? हं, तर तूच प्रीता. नाव फोनवर बघितलं होतं, चेहरा आज बघतेय. मला वाटलं होतं जरा... जाऊ दे. तिशीची असशील, नाही? आणि त्र्यंबकला काका म्हणतेस? नेहमी म्हणतेस, की मी आलेय म्हणून आज काका? हसू नकोस, मी सिरियसली विचारतेय. मी अहिल्या, त्याची बायको — ते कळलंच असेल. मी येणार हे माहीत होतं तुला? होतं ना! म्हणजे तुला सांगतो तो. मला तर मोटेल कुठलं ते गाडीत बसल्यावर कळलं.

आता तूच सांग, माझ्या जागी तू असतीस तर काय समजली असतीस? तिकडे टेक्ससमधल्या प्लेनोहून इथे न्यू मेक्सिकोत यायचं म्हणजे अख्खा दिवस ड्राइव्ह. साठीला आलेला माणूस, जन्म आयटीत गेला, फोनवर कधी धड फोटो काढला नाही — वाढदिवसाच्या फोटोत माझं डोकं कापायचा तो — आणि एक दिवस हा पेटीएवढा लाकडी कॅमेरा घेऊन घरी येतो, जुना, फिल्मचा. म्हणे वाळवंटात जातो. कुणाबरोबर? ग्रुप आहे. कसला? फोटोग्राफीचा. झालं, संपलं. आमच्या घरात बोलणं तेवढंच असतं — दूध संपलंय, गार्बेज बाहेर ठेवलं का. आणि मग हा आंघोळीला गेलेला, फोन वाजतो, वर तुझं नाव: 'शनिवारची वाट बघतेय.' कोण गं ही शनिवारची वाट बघणारी? आमच्याकडे शनिवारची वाट कुणी बघत नाही, शनिवारी ग्रोसरी असते.

मग मी काय केलं — हे त्याला सांगायचं नाही हं — कॅमेऱ्याच्या बॅगेत ट्रॅकर टाकला. किल्ल्यांना लावतात ना, तो. अशी बघू नकोस, तूही टाकला असतास. घरी बसून मी तो ठिपका बघत राहायचे. वाटलं, मोटेलवर जाईल, कुणाच्या घरी जाईल. तर ठिपका या वाळूत! आणि हलायचा नाही. तासन्‌तास नाही. जो माणूस सोफ्यावर पाच मिनिटं टेकत नाही, टीव्ही लावून उठून जातो, तो ऊन उतरेपर्यंत एका जागी? संशय वाढलाच माझा. बाई असती तर तिला घेऊन जेवायला तरी हलला असता! वकिलाला फोन केला मी — हो, तिथवर गेले होते — अपॉइंटमेंट आहे, अजून कॅन्सल केलेली नाही. पण म्हटलं, त्याआधी एकदा डोळ्यांनी बघावं. 'मीही येते,' म्हटलं. वाटलं, कारणं देईल. तर नुसतं 'ये' म्हणाला. बोल आता.

आणि आज सकाळचं तू लांबून बघितलंस ना? त्या टेकाडावर होतीस, मला दिसलीस. त्याने कॅमेरा उभा केला, म्हणाला, 'बघतेस?' ते काळं फडकं डोक्यावर घेऊन मी वाकले. आत अंधार, आणि कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सगळं उलटं — वाळू वर, आभाळ खाली. म्हटलं, बिघडलाय का? तर म्हणे, 'उलटंच दिसतं. सवय होते.' आणि चालत जाऊन समोर उभा राहिला. उलटा, वटवाघळासारखा. आधी हसू आलं मला. मग नाही आलं. कारण तो हललाच नाही गं. 'झालं का', 'आटप' — काही नाही, माझ्याकडे तोंड करून नुसता उभा. घरी मला त्याची पाठ दिसते, नाहीतर लॅपटॉपचा उजेड पडलेलं कपाळ. एवढा वेळ त्याला बघितलं होतं कधी मी? एक खांदा उतरलाय त्याचा, मला ठाऊकच नाही. हनुवटी थरथरत होती — की काच हलत होती, कोण जाणे. मीही बाहेर आले नाही. वारा पडला होता, फडक्यात माझाच श्वास मला ऐकू येत होता. रडत नव्हते काही! उकडतं किती आत. घाम होता तो.

पण बाहेर आले आणि डोक्यात आलं — हा असं उभं राहायला शिकला कुठे? कुणीतरी याला आधी असं बघितलेलं आहे. म्हणून तुला गाठलं. खरं सांग, तूच ना? ...तू फोटो काढलास त्याचा, पहिल्यांदा आला तेव्हा. बरं. मग? ...रडला? त्र्यंबक? छे, दुसरा कुणीतरी असेल. आमचा त्र्यंबक रडत नाही, फ्युनरलमध्येसुद्धा तो —

काय म्हणालीस?

परत म्हण. ...आर्य. तुला आर्यचं नाव कुणी सांगितलं?

नाही, थांब, बोलू नकोस. ते नाव आमच्या घरात कुणी घेत नाही. आमचा मुलगा हायवेवर अपघातात गेला, त्या दिवसापासून नाही. खोली बंद, विषय बंद. मी काढला तर हा उठून बाहेर जातो. मला वाटलं, विसरला. मला वाटलं, त्या घरात आर्यची आई आहे, बाप कुणी नाहीच. आणि इथे येऊन तुला — एका परक्या मुलीला — त्यापेक्षा खरंच एखादी बाई असती ना, तर परवडलं असतं गं. भांडता आलं असतं तिच्याशी. काय काय सांगितलं त्याने? ड्रम्सचं सांगितलं? भरल्या वांग्याची देठं ताटाच्या कडेला रांगेत लावायचा, ते? आणि त्या दिवशी निघताना दारात दोघं बाप-लेक कशावरून तरी हसत होते, ते? मी किचनमध्ये होते, मिक्सर चालू होता, मला नुसतं हसणं ऐकू आलं. कशावरून ते कधी कळलंच नाही. विचारायचंही राहिलं, मग विचारणार कसं?

...तुला माहीत आहे.

नको! सांगू नकोस. तुझ्या तोंडून नकोय मला. तो बघ, येतोय खाली, ट्रायपॉड खांद्यावर. ऊठ. बॅग घे तुझी, पाणी घे. त्याला इथे बसू दे. — अगं, जा ना!