ओळीत न बसलेला शब्द

मुलगी : मोठ्यानं वाचा, बाबा.

बाबा : चष्मा कुठं ठेवला मी...

मुलगी : कपाळावर आहे. वाचा.

बाबा : ‘तळ्याकाठी या. आमच्या गावात काहीच नाही.’ छपाई मात्र झकास उठलीय हं.

मुलगी : ‘काहीच महाग नाही’ असं लिहून दिलं होतं मी तुम्हाला! ‘महाग’ कुठं गेला?

बाबा : ओळीत बसेना गं. तूच म्हणालीस, अक्षर मोठं हवं आणि सगळं एकाच ओळीत हवं. मग तीस वर्षं जे करत आलोय तेच केलं. सगळ्यात कमी कामाचा शब्द काढला.

मुलगी : कमी कामाचा!

बाबा : अगं, लग्नपत्रिकांमधून आजवर किती काके-मामे गाळलेत मी. कुणी हूं की चूं केलं नाही.

मुलगी : चार हजार पत्रकं वाटून झालीत. पर्यटन समितीची अध्यक्ष मी, आणि छापखाना माझ्याच वडिलांचा. वरच्या गावात काचेचा पूल आहे, दोरीवरचे झोके आहेत, गाणारं कारंजं आहे. आणि आपण लोकांना सांगतोय, आमच्याकडं काहीच नाही. हात दाखवून अवलक्षण!

बाबा : त्या बसवाल्या बाई कधी येणार?

मुलगी : अकराला. सहलीच्या बसला या भागात एकच थांबा द्यायचाय त्यांना. तिकडं, नाहीतर इकडं. तिकडं गेला तर पाहुण्यांसाठीच्या माझ्या सात खोल्या, नावाडी, खानावळी, सगळ्यांचंच आटोपलं. मी कुलूप लावून दादाकडं शहरात जाणार, आत्ताच सांगून ठेवते.

बाबा : आणि मी?

मुलगी : तुम्हीही चलायचं.

बाबा : तिथं कुणाचे काके-मामे गाळू?

(दार वाजतं. बसवाल्या बाई आत येतात. त्यांच्या हातात तेच पत्रक.)

बाई : नमस्कार. अध्यक्ष आपणच ना? मला एवढंच सांगा, हे पत्रक खरं आहे का?

मुलगी : नाही, म्हणजे... त्यात एक चूक...

बाबा : चूक माझी आहे, मॅडम. पोरीला बोल लावू नका.

बाई : चुकीचं नंतर बघू. पूल आहे इथे?

मुलगी : नाही.

बाई : कारंजं?

मुलगी : नाही.

बाई : स्पीकर?

बाबा : एक होता. त्याची वायर उंदरांनी खाल्ली.

बाई : मग आहे काय?

मुलगी : तळं आहे. चार होड्या. तासाभराची पायवाट. जेवण गरम मिळतं. पण पुढच्या वर्षी आम्हीसुद्धा पूल...

बाई : थांबा, थांबा. माझ्या बसमधली माणसं चार दिवसांत नऊ ठिकाणं बघतात. प्रत्येक ठिकाणी रांग. परवा एक आजोबा म्हणाले, ‘बाई, जिथे काही बघायचं नसेल अशी एखादी जागा दाखवा.’ मला वाटलं, चेष्टा करताहेत. संध्याकाळी त्यांनीच हे पत्रक आणून दिलं. मागे बघा, बारा जणांच्या सह्या आहेत.

बाबा : बघ! मी म्हणालो नव्हतो...

मुलगी : तुम्ही काहीच म्हणाला नव्हतात, बाबा.

बाई : बसचा थांबा तुम्हालाच देते. पण अट आहे. तीन वर्षं इथे काही बांधायचं नाही. समितीकडून तसं लिहून हवं.

मुलगी : ते मी एकटी नाही देऊ शकत. समितीनं पूल मंजूर केलाय. मीच मांडला होता. सहा महिने एकेकाच्या दारात जाऊन पटवलंय त्यांना.

बाबा : मग वाट पाठ झाली असेल. परत जा.

मुलगी : आणि सांगू काय? पूल नको, आता नुसतं बसून राहू?

बाई : बसूनच राहायचं असेल तर मला थांबा द्यायचा नाही. अशी तीन शांत ठिकाणं मी पाहिली आहेत. पहिल्या वर्षी लोक आले, दुसऱ्या वर्षी टपऱ्या आणि भोंगे आले, तिसऱ्या वर्षी मी बस वळवली.

मुलगी : नाही हो, ते ठाऊक आहे मला. होड्या चारच ठेवाव्या लागतील. दिवसाला दोनच बस. दुकानं रस्त्याला, पायवाटेवर एकही नाही. संडास दिवसातून दोनदा धुवायचे, आणि ते कुणी धुवायचे हे आधी ठरवायचं. नावाड्यानं पाहुण्याच्या मागं लागायचं नाही, हाक मारली तरच उठायचं. सावलीत बाकं हवीत... अहो, पुलापेक्षा हेच काम जास्त आहे!

बाई : वरच्या गावात मी दोन तास बसले. संडासाचं नाव कुणी काढलं नाही. मंगळवारी पहिली बस पाठवते. समितीचं पत्र महिन्याभरात द्या, नाहीतर थांबा तिकडे जाईल.

मुलगी : पत्र येईल. भांडण होईल, पण येईल.

बाई : निघते, काका. पुढचं पत्रकही तुम्हीच छापा.

बाबा : सावकाश जा, मॅडम. पायरी उंच आहे... गेल्या. आता दादाला फोन कर. म्हणावं, आमच्यासाठी खोली अडवून ठेवू नकोस.

मुलगी : बाबा, त्या फोनची एवढी घाई का तुम्हाला?

बाबा : फार भीती वाटत होती गं. तू जाशील म्हणून.

मुलगी : मग बोलला का नाहीत?

बाबा : तुझ्या वाटेत कशाला येऊ?

मुलगी : वेडे आहात तुम्ही. चला, उठा. नावाड्यांना गाठायच्या आधी बाकांच्या जागा ठरवू. पहिलं कुठं ठेवायचं?

बाबा : धक्क्याच्या वर, त्या वाकड्या झाडाखाली. तुझी आई रोज संध्याकाळी तिथंच बसायची.

मुलगी : तिथून काय दिसतं? नुसतं पाणी.

बाबा : छापखाना तेव्हा पलीकडच्या काठाला होता. मी होडीनं यायचो ना.