आत्याने बांधलेला लाल रुमाल

—नाही आत्या, आधी बसा, चहा घ्या, मग ओरडा. तुमचा निरोप पोचला मला — चर्चच्या बायकांच्या संघातल्या कुणीही आज म्हाताऱ्या न्याचिरवाला पुरताना, तिच्या मातीला, गाणी म्हणायला जायचं नाही. त्याचंच सांगतेय. एडिनबराहून धर्मशास्त्र शिकून गावी येताना मला काय वाटलं होतं, माहितीये? की मी देवाच्या कृपेवर बोलेन — तारण कमावता येत नाही, देव आपली लायकी न बघता आधीच निवडतो — आणि इथं नुसती खळबळ उडेल. विमानात उत्तरंसुद्धा पाठ करत होते मी. आणि झालं काय? रविवारी घसा फोडून बोलले, तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, "पोरगी छान बोलते, पण वाळलीये किती" म्हणालात, आणि सुके मासे बांधून दिलेत. एकीनं तरी भांडायचं ना.

हो, हो, न्याचिरवा हातभट्टी लावायची — नाही कोण म्हणतंय? नातवंडं त्यावरच शिकली तिची. देवळात मागच्या बाकावर बसायची, चर्चनं शिक्षा केलेल्यांच्या, आणि दर वर्षी संघात घ्या म्हणून लाल रुमाल मागायची, आणि तुम्ही म्हणायचात, आधी भट्टी मोड. नियम आहे, मान्य. बाकीच्यांनाही वर्षभर उमेदवारी करावी लागते — मला किती करावी लागली, आत्या? माझी बॅग उघडायच्या आत तुम्ही रुमाल माझ्या डोक्याला बांधलात. का? गाणी तर निम्मी विसरलेय मी. भावाची मुलगी म्हणून, एवढंच. आणि मी काय केलं — आरशात बघितलं. वाटलं, बरोबरच आहे, एवढं शिकून आलेय. कृपेवर प्रबंध लिहिलेली बाई मी, आणि कृपा डोक्यावर बांधली तर मला ती बढती वाटली.

काल तिची सून दारात आली — मातीला कुणी गाईल का, ताई? मी म्हटलं, विचारून सांगते. विचारून. देव कुणाला विचारत नाही म्हणून एवढी बडबड केली, आणि मी आत्याला विचारणार.

तर आज सकाळी ठरवलं. रुमाल परत करणार नाही — तीही एक ऐटच, आणि तुम्हाला बरंच वाटेल. बांधूनच जाणार. भसाड्या आवाजात, येतील तेवढी कडवी म्हणणार. काढून घ्यायचा असेल तर कबरीपाशी या, सगळ्यांसमोर काढा. मागच्या बाकावर जागा झालीच आहे.

चहा निवला तुमचा. राहू दे. उठा आता, आत्या — तुम्ही त्या रुमालावरच बसलायत.