अण्णांच्या गॅलरीतली खुडूक कोंबडी

अहो थांबा की, चप्पल कुठं घालताय, आमच्या विश्वजितचं आत्ता काय झालंय ते ऐका आधी… तो आत मोरीत हात धुतोय, तो बाहेर यायच्या आत सांगतो, कारण त्याच्यासमोर मला हसू आवरत न्हाय आणि ते बरं दिसत न्हाय, त्याचा जीव टांगणीला लागलाय हो! कोंबडीपायी! शिकलासवरलेला माणूस, दोन मजले वर स्वतःचा फ्लॅट, दारात गाडी, आणि हाताला चोच मारून घेऊन माझ्या घरी हळद मागत आलाय. हळद माझी, कापूस माझा, आणि वर मलाच म्हणतोय, कुणाला सांगू नकोस. आता कुणाला सांगू नको म्हटल्यावर माणूस काय करणार?

तर झालं असं. विश्वजितची पोरगी क्रांती, ती तुम्ही बघितलीय, जिन्यात उड्या मारती ती. ती काय खायचीच न्हाय. म्हंजे काहीच न्हाय! भात दिला की गालात धरून बसणार, चपाती दिली की कुंडीत पुरणार. हिमोग्लोबिन पार तळाला. डॉक्टर म्हणाले, रोज एक अंडं तरी जाऊ दे पोटात, न्हाईतर ॲडमिट करून सुई लावायला लागंल. मग त्याची बायको, स्वप्नाली वहिनी, बँकेतनं दमून आलेली बाई, कधी अंडं उकडती, कधी तळती, कधी मॅगीत लपवती… आणि ही पोरगी वास घेऊन म्हणती, "ह्याला फ्रीजचा वास येतोय." फ्रीजचा वास! आता काय बोलायचं?

शेवटी विश्वजितनं कोडोलीला आत्याला फोन लावला. चिमणाबाई आत्या, त्याच्या बापाची थोरली बहीण. मी पण लहानपणी सुट्टीला जायचो त्याच्याबरोबर तिच्याकडं. काय ती गल्ली होती! तुम्हाला सांगतो, त्या गल्लीत माणसांपेक्षा कोंबड्यांना जास्त ओळखी होत्या. सकाळी आत्या खुराड्याचं दार उघडायची न्हाय, आधी एकेक कोंबडी बाहेर काढून बोटानं चाचपायची, आज कुणाच्या पोटात अंडं हाय. अंडं असंल ती डालग्याखाली, म्हंजे पालथ्या टोपलीत कोंडलेली, नसंल ती मोकळी. आम्हाला वाटायचं आत्या डॉक्टर हाय! पण कोंबडी डालग्याखाली थोडीच ऐकती. जरा फट मिळाली की ही निघाली, आणि अंडं घालणार कुठं? गल्लीतल्या केरबाच्या गोठ्यात, गव्हाणीत! घरचं खुराडं सोडून! आता कोंबडीला कोण सांगणार?

मग संध्याकाळी केरबाची बायको पदरात ते अंडं घेऊन यायची. घ्या बाई तुमचं, म्हणायची, आणि जायची न्हाय. बसायची. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचं पोरगं शाळा सोडतंय, सगळं त्या एका अंड्याबरोबर घरात यायचं. विश्वजितला एकदा तिथं ताप भरला, तर ताप उतरायच्या आधी गल्लीतली अंडी येऊन पडली. तांबडीचं, कवडीचं, उघड्या मानेचीचं… ज्या बाईचं आत्याशी भांडण होतं तिनंसुद्धा पोरीच्या हातनं पाठवलं, आणि निरोप काय, तर भांडण हाय ते हाय, पोराला अंडं चारा.

आणि आणखी एक. आत्या लग्न होऊन आली तेव्हा तिच्याकडं कोंबडीचं पीससुद्धा नव्हतं. शेजारच्या बाळाबाईनं तिला एक कोंबडी अर्धलीनं दिली. म्हंजे कोंबडी तुझ्याकडं ठेव, दाणापाणी तू कर, पिल्लं निघाली की निम्मी तुझी, निम्मी माझी. मग आत्याकडं झाल्या, तिनं पुढच्या नव्या सुनेला दिली, तिनं पुढचीला… असं करत सगळ्या गल्लीतल्या कोंबड्या एकमेकींच्या सोयऱ्या! घरातल्या पुरुषानं म्हैस विकली तरी बाई गप्प, पण कोंबडीला हात लावायची त्याची टाप नव्हती. ते खातं बायकांचं. आता तुमचं पॅकेटातलं अंडं आणा बरं, त्याच्याबरोबर कोण येऊन बसतंय?

असो. तर आत्या आली. एस्टीनं. पिशवीत कोंबडी, पिशवीला भोक, भोकातनं मुंडकं बाहेर. कंडक्टर म्हणाला म्हणे, मावशे, हिचं तिकीट? आत्या म्हणाली, ती माझ्या मांडीवर बसलीया, मांडीचं काढलंय मी. कवडी रंगाची, पायाला लाल चिंधी. आत्या ती ठेवून परत गेली, आणि तुम्हाला खोटं वाटंल, दुसऱ्या दिवशी कोंबडीनं बुटाच्या रॅकमधे अंडं घातलं, क्रांतीनं ते गरमागरम हातात धरलं, गालाला लावलं, आणि उकडून दिल्यावर अख्खं खाल्लं. अख्खं! स्वप्नाली वहिनी दाराआड जाऊन रडली.

पण आमची सोसायटी! त्यांच्या शेजारच्या फ्लॅटमधे कोण? शशिधर अण्णा. आमचे सेक्रेटरी. निपाणीकडचे, लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान, कपाळाला विभूती, कडक शाकाहारी. वाईट माणूस न्हाय, पण नियमाचा. मधल्या भिंतीला भिंत, पण दहा वर्षांत विश्वजितशी बोललेत ते फक्त पार्किंगवर. महिनाभर खपलं, मग एका सकाळी कोंबडीनं जोरात पक्कऽऽपक् केलं आणि ग्रुपवर मेसेज पडला, सोसायटीत पाळीव पक्षी ठेवता येणार नाही, पुढच्या रविवारपर्यंत हलवावा. विश्वजित हात जोडून गेला, पोरीचं सांगितलं. तर अण्णा आपले त्या निपाणीच्या ठेक्यात, "पोरीचं खरं हाय. पण आज तुझी कोंबडी, उद्या कुणी शेळी आणंल. नियम म्हंजे नियम, काय?" आता नियमात बसवायला ती काय स्कूटर हाय? आणि कोंबडीला कोण सांगणार?

बरं, तेवढ्यात अंडी बंद झाली. बुटाच्या रॅकमधे काही न्हाय. एक दिवस गेला, दुसरा गेला, आठवडा गेला. क्रांतीनं परत भात गालात धरायला सुरुवात केली. वहिनीचा चेहरा उतरला. आणि शनिवारी तर कोंबडीच गायब! मग काय, आम्ही सगळे निघालो शोधायला. गच्ची, जिना, टाकीमागं, आणि मग दारं वाजवायला लागलो. इतकी वर्षं राहतोय इथं, मला त्या दिवशी कळलं की तिसऱ्या मजल्यावरचे सर हार्मोनियम वाजवतात आणि समोरच्या बनाबाई लोणची घालून लेकीला पुण्याला पाठवतात. एका कोंबडीपायी सगळी दारं उघडली हो! प्रत्येकजण आधी म्हणायचा, आमच्यात न्हाय, आणि मग म्हणायचा, बसा की.

शेवटचं दार अण्णांचं. ते उघडलं शिवगंगा काकूंनी, अण्णांच्या बायकोनं. आणि त्या जरा लाजल्यासारख्या हसल्या. विश्वजित गॅलरीत जाऊन बघतोय तर कोपऱ्यात जुन्या टोपलीत, काकूंच्या मऊ लुगड्याच्या घडीवर, कोंबडी फुगून बसलेली, खालनं अंडी दिसतायत. मधल्या जाळीच्या फटीतनं रोज इकडं येऊन घालत होती! रात्री आपली मुकाट घरी. आणि काकू? काकू रोज अण्णा दुकानाला गेले की मूठभर जोंधळा टाकत होत्या आणि तोंडातनं अवाक्षर काढलं नव्हतं. आणि आता ती बया झालीती खुडूक. म्हंजे उबवायला बसली. खुडूक कोंबडी जागची हलत न्हाय, हात लावला की अंगावर येती.

अण्णा दारात उभे, लालबुंद. म्हणाले, हिला आत्ताच्या आत्ता उठवा. आणि काकू, ज्यांचा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता, म्हणाल्या, "बसलेल्या जिवाला उठवत न्हाईत. तुमचा रविवार गेला उडत."

संपलं! रविवार उडाला.

मग सगळी पोरं त्या गॅलरीत. क्रांती तर तिथंच मुक्कामाला. काकू तिला कानडीत "ये पुट्टी", म्हंजे छकुली, म्हणून जवळ घ्यायच्या, आणि कोंबडीकडं बघत बघत दूध-भाकरीचा एकेक घास, असं करत वाटी रिकामी! अंडं न्हाय, काही न्हाय, नुसती दूध-भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी मागून घेती. पंधरवड्यात गाल वर आले. डॉक्टरनी विचारलं, कुठलं टॉनिक? आता काय सांगणार, शेजाऱ्यांची गॅलरी?

आणि अण्णा! पहिल्यांदा लांबनं बघायचे. मग दुकानातनं येताना तांदळाची कणी आणायला लागले. मग एक दिवस पोरांना घेऊन बसले आणि अजून न निघालेली पिल्लं वाटूनच टाकली. एक हार्मोनियमवाल्या सरांच्या नातवाला, एक बनाबाईंना, दोन क्रांतीला, आणि पाळायची कुठं तर गच्चीवर, नियम मी बदलतो! पोरांनी नावं ठेवली. क्रांती झोपेत पिल्लांशी बोलायला लागली.

हे सगळं विश्वजितनं अगदी छाती फुगवून आत्याला फोनवर सांगितलं. ती हळूच म्हणाली, "आरं, पर कोंबडा कुठं हाय तुमच्यात?"

कोंबडा!

सगळी सोसायटी अंड्यावर डोळे लावून बसलीय, इंजिनियर हाय, मास्तर हाय, बँकवाली हाय, आणि एकाच्याबी डोक्यात आलं न्हाय की कोंबड्याबिगर अंड्यातनं पिल्लू निघत न्हाय! मी पण त्यात हायच. कोडोलीला सगळ्या सुट्ट्या काढल्या पण तिथं कोंबडा गल्लीतच असायचा ना, असाच, कुणाचा म्हणून न्हाय… त्याची आठवण कशाला ठेवायची? आणि ती तिथं तापत बसलीया, दाणापाणी सोडून. आता कोंबडीला कोण सांगणार?

विश्वजितला झोप लागंना. पिल्लं निघाली न्हाईत तर पोरगी परत खायचं सोडंल, ह्या एका भीतीनं माणूस अर्धा झाला. आज रजा टाकली, कोडोली गाठली. आत्यानं गल्लीत फिरून, ज्यांच्या कोंबड्यांत कोंबडा हाय त्यांची डझनभर अंडी गोळा करून दिली, आणि सांगितलं, दिवेलागणीला बदल, अंधार पडला की तिला कळत न्हाय. जुनी काढ, ही सरकव. जास्त घालू नको, पोटाखाली मावली न्हाईत तर सगळीच गार पडतील.

तर आत्ता, तासाभरापूर्वी, काकू क्रांतीला घेऊन देवळात गेलेल्या, हा जाळीवरनं गॅलरीत उतरला. चोरासारखा. टोपलीत हात घातला, कोंबडीनं कडाडून चोच मारली, जुनी अंडी कशीबशी काढली, आणि मागनं आवाज आला… "गप. ओरडू नकोस."

अण्णा!

पण अण्णांच्या हातात काय? पिशवी. पिशवीत अंडी! ज्या माणसानं जन्मात अंड्याला बोट लावलं न्हाय, त्यानं दुकानात कुणाकडनं तरी कोंबड्याचं ऐकलं, आणि गेला, बाजारात, ओळखीचं कुणी बघत न्हाय ना असं बघत, आणि घेऊन आला. स्वतः. आणि कसली आणली? पांढरी शुभ्र, पोल्ट्रीची! त्यातनं पिल्लू कसं निघंल हो, त्या कोंबड्यांनी तरी कोंबडा कुठं बघितलाय? आणि तेवढ्यावर थांबले असते तर गोष्ट वेगळी. प्रत्येक अंड्यावर विभूतीची तीन बोटं ओढलीयत. विश्वजितला म्हणाले, "जीव यायचा हाय त्यात, तसंच कसं ठेवायचं?"

आता बोला! बदलायची सोय राह्यली न्हाय. आत्याची अंडी बदामी, अण्णांची पांढरी, ती पण विभूतीची. अर्धी-अर्धी म्हणताय? विश्वजितबी तेच म्हणतोय. पण आत्याच्यातनं पिल्लं निघाली आणि अण्णांच्या एकातनंबी निघालं न्हाय, तर त्या माणसाला काय वाटंल? पहिल्यांदा नियमाबाहेर पाऊल टाकलंय हो त्यानं. आणि अण्णांचीच ठेवली, तर क्रांतीला काय सांगायचं?

शेवटी विश्वजित म्हणाला, अण्णा, अंडी गार हायत, जरा ऊब देऊन आणतो, आणि दोन्ही गाठोडी घेऊन सरळ माझ्याकडं. ही काय, टीव्हीजवळ ठेवलीयत. आणि टोपली रिकामी ठेवली तर कोंबडी बसायचं सोडंल, म्हणून तिकडं आमचे सेक्रेटरी, धुतलेलं धोतर नेसून, गॅलरीत मांडी घालून बसलेत, आणि कोंबडी त्यांच्या मांडीवर उबवायला बसलीया. ती उठत न्हाय, तेबी उठत न्हाईत.

नळ बंद झाला बघा, आला तो. लवकर सांगा. तुम्ही असता तर कुठलं गाठोडं उचललं असतं?