कडेवर घ्यायचं राहून गेलं

माझं माहेर अकलूजचं. वडील डेअरीत दुधाचे कॅन धुवायचे, आई लोकांच्या उसात खुरपायला जायची, आन दोन धाकटे भाऊ सांभाळायचं काम माझ्याकडं, एक कडेवर आन एक हाताला धरलेला, तशीच मी पानी भरायची, तशीच भाकरी थापायची. त्यामुळं पोर कसं घ्यायचं हे मला कुनी शिकवायची गरजच न्हवती की. लगीन होऊन सोलापूरला आले. आमचे मालक अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागावर, म्हंजे टॉवेलच्या लूमवर, आन मी त्याच कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायला. मशीनवर माझा हात लई चालायचा. दोन्ही हात, ताई.

पोर लई वर्सं झालं न्हाई. मग दिवस गेले. सासूबाईंना मी आत्या म्हनते, त्यांनी मला पान्याची घागर उचलू दिली न्हाई. पन आठव्या महिन्यात ब्लडप्रेशर वाढलं आन मशीनवर बसल्या बसल्याच मला झटके आले. पुढचं मला ठावं न्हाई. शुद्धीवर आले तवा पोट मोकळं हुतं आन डावा हात माझा न्हवताच. दिसायचा, पन माझा न्हवता. पायबी ओढायचा. डॉक्टर म्हनाले, मेंदूत रक्त सांडून डावं अंग लुळं पडलंय. मी इचारलं, बाळ? ह्ये म्हनाले, पोरगी हाय, लई बारीक हाय, पन हाय. त्यांचा आवाज असा निघाला की मला वाटलं खोटंच बोलत्यात.

घरी आलो तवा एवढीशी हुती प्रज्ञा. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हनल्या हुत्या, हिला छातीशी धरून ठेवायचं, आईची ऊब लागती. आता ऊब हुती माझ्याकडं, धरायला हात न्हवता. पाजायचं झालं तरी आत्या उशी लावायच्या, पोरगी आनून ठेवायच्या, झालं की उचलून न्यायच्या. मी आपली रिकाम्या मांडीनं बसायची. म्हनून मीच ह्यांना म्हनले, पोरांना छातीला बांधायची पिशवी मिळती की दुकानात, ती घेऊ. आत्या म्हनाल्या, कशाला गं फडकी बांधायची, मी हाय की घ्यायला. त्यांच्या मनात काय वाईट न्हवतं. पन मला तेच नको हुतं, त्यांना कसं सांगू?

सात रस्ता चौकात एका दुकानात गेलो. दुकानातल्या पोरीनं पयल्यांदा जाड पट्ट्यांची पिशवी काढली. ह्यांना तीच आवडली, भक्कम हाय म्हनाले. पन तिचं बक्कल पाठीमागं लावायचं, माझा एक हात कसा पोचनार? त्या पोरीनं लावून दिलं, दावायला बाळाएवढी बाहुली आत ठिवली. मी इचारलं, आन घरी कोन लावनार? मग तिनं दुसरं दावलं, खांद्यावर कडी आसलेलं कापड, कडीतनं लोंबतं टोक ओढलं की आवळतं. एका हातानं ओढता येतंय की, म्हनून मला उमेद आली. पन ओढताना दुसऱ्या हातानं पोर धरायला लागतं. बाहुली पडली खाली. दुकानात दुसरी मानसं हुती, एक बाई हासली, तिला काय ठावं. दुकानातली पोरगी मातर हासली न्हाई. ती हळूच म्हनली, ताई, एकटीला जमंल असं कुटलंच न्हाय यात, खोटं कशाला सांगू. पन हे लांब कापड घ्या, ताणतंय, आदी तुमाला बांधून ठेवायचं, मग कुनीतरी बाळ आत सोडायचं, मग तुमचा उजवा हात पुरंल. तोंड उघडं दिसलं पायजे बरं का, हनवटी छातीला टेकली न्हाई पायजे.

तेच घेतलं. नर्सबाईंना नेऊन दावलं, त्यांनी पोरीचे पाय बेडकावानी कसे ठेवायचे ते शिकवलं. सकाळच्या पाळीला जायच्या आदी ह्ये मला कापड बांधायचे, अगदी बॉबीनवर सूत गुंडाळत्यात तसे नेटानं, आन पोरगी आत सोडायचे. मग ती झोपायची आन मी भिंतीला टेकून बसून ऱ्हायची. तिच्या टाळूचा वास यायचा. काय सांगू तुमाला, त्या येळंला माझं सगळं अंग माझं वाटायचं, डावा हातसुदिक.

पन एकदा दुपारी आत्या दळनाला गेल्या, पोरगी पाळन्यात. कापड माझ्या अंगाला बांधलेलं हुतंच. ती उठली आन रडायला लागली. मी पाळन्यावर वाकले, उजव्या हातानं तिच्या पाठीखाली धरलं, उचलू गेले तर मान मागं पडायला लागली, भ्याले, सोडलं. परत धरलं, परत सोडलं. ती लालबुंद झालेली, मी तिच्या तोंडाशी तोंड लावून नुसती म्हनतीय, हितंच हाय गं, हितंच हाय. आई अशी एक वीत लांब, आन काय उपेग न्हाई. आत्या आल्या, डबा दारातच टाकला, तिला उचललं, आन ती लगीच गप झाली. ती गप झाली हे बरंच झालं की, पन मला तेच लई लागलं. पोरीला कुटं ठावं, कोन कशापायी उचलत न्हाई.

मग ती वाढली, जड झाली. हाताच्या व्यायामाचे डॉक्टर म्हनाले, आता बांधू नका, तुमी एका बाजूला कलताय, दोघीबी पडाल. तेवढ्यावर ते सपलं. पुढं आत्यांच्याच कडेवर वाढली ती. पयल्यांदा आई म्हनली तेबी त्यांनाच. आत्यांनी तोंड फिरवून डोळं पुसलं, मला म्हनाल्या, चुकून म्हनली गं.

व्यायाम मी सोडला न्हाई. बादली धरायची, सोडायची, पीठ मळायचं, रडायचं, परत मळायचं. आता हात आलाय, ताई. पयल्यासारखा न्हाई, पन आलाय. कारखान्यात मला घडी घालायच्या कामाला घेतलंय. आन प्रज्ञा आता अंगनवाडीत जाती. म्या हात पसरले, ये गं, घेती तुला, की ती म्हनती, मी काय बाळ हाय व्हय? आन पळती. खरंच हाय तिचं.

म्हनून रविवारी दुपारी ती निजली की मी तिला उचलती. दोन्ही हातांनी. या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात न्हेती, तितं ठेवायचं काय कारन नसतंय. आत्यांना दिसतं, पन त्या भाजी निवडत ऱ्हात्यात, वर बघत न्हाईत. निजंत पोरगी माझ्या गळ्यात हात टाकती. जागी झाली की म्हनती, खाली सोड. मी सोडती. पळू द्या तिला, तिचं हातपाय धड ऱ्हाऊ द्यात, माझं काय, माझं एवढ्यावर भागतंय.