हॅलोकाकांना दिलेली नोटीस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या विद्यापीठाचे माननीय कुलगुरू महोदय. व्यासपीठावर विराजमान असलेले कुलसचिव साहेब. सर्व विभागांचे प्रमुख. आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आपले हॅलोकाका. त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या आणि ‘मला कशाला वर बसवलंत’ असं मघापासून तीनदा म्हणालेल्या काकू. आणि समोर बसलेले माझे सहकारी व विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

सर्वांना नमस्कार. माइक शिट्टी मारतोय, त्याबद्दल आधीच दिलगिरी व्यक्त करते. एकतीस वर्षं या सभागृहातल्या माइकने अशी आगळीक केली नाही, कारण मागच्या काचेच्या खोलीत बसून त्याला धाकात ठेवणारा माणूस आज गुच्छ घेऊन इथे बसलाय. काका, उठू नका. बसा! शिट्टी वाजली तर वाजू द्या. आज तुम्ही पाहुणे आहात.

काकांचं खरं नाव पाकिटावर लिहिलंय, पण त्या नावाने हाक मारली तर ते स्वतःच मागे वळून बघतात. कार्यक्रमाआधी रिकाम्या सभागृहात उभं राहून ‘हॅलो, हॅलो, वन टू थ्री’ म्हणायचं आणि मग काचेमागे जाऊन बसायचं, एवढंच त्यांचं जाहीर वक्तृत्व. त्यावरून नाव पडलं. बाकी एकतीस वर्षं ते आपलं ऐकत आले. कुलगुरू महोदय, क्षमा करा, पण या माणसाने सहा कुलगुरूंची स्वागताची आणि निरोपाची भाषणं ऐकली आहेत. एवढं ऐकूनही त्यांची प्रकृती ठणठणीत आहे, याचं वैद्यकीय क्षेत्राने संशोधन करावं.

त्यांच्या कार्याचा आढावा आधीच्या वक्त्यांनी घेतला. मला समितीने पाच मिनिटं दिली आहेत आणि ‘चार गोड शब्द बोला’ असं सांगितलंय. गोड शब्दांकडे येतेच. पण त्याआधी तीन वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगायची आहे. ती मीच सांगायला हवी, कारण तिची निमंत्रक मी होते.

आपल्याकडे तेव्हा ‘समुदाय मनःशांती दिवस’ साजरा झाला, तो आपल्याला आठवत असेल. नसेल आठवत तर हजेरीपट पाहा, सगळ्यांच्या सह्या आहेत. परिपत्रकात मी स्वतः लिहिलं होतं, ‘उपस्थिती अनिवार्य असून सर्वांनी स्वेच्छेने सहभागी व्हावे.’ हसू नका, त्यावर तीन जणांनी खल केला होता. मानसशास्त्र विभागाची प्रमुख म्हणून शांततेची जबाबदारी माझ्याकडे आली, आणि शांतता उपसमितीच्या बैठका अशा झाल्या की शेजारच्या वर्गातले प्राध्यापक येऊन ‘जरा हळू भांडा’ म्हणून गेले. वाद कशावरून? कार्यक्रमाच्या फलकावरच्या ध्यानस्थ माणसाचे डोळे पूर्ण मिटलेले असावेत की अर्धे, यावरून. मतदान झालं. पूर्ण मिटलेले जिंकले.

दिवस ठरला. सकाळी आठ वाजता वाहनतळावर सजग चालणं झालं. सहाशे माणसं इतक्या हळू चालत होती की प्रयोगशाळेला रसायनं घेऊन आलेल्या टेम्पोचा चालक अर्धा तास हॉर्नवर हात ठेवून बसला. नंतर सगळे या सभागृहात आले. दारातच बॅगा आणि फोन जमा करायचे होते. ‘ओझी बाहेर ठेवा’ असा फलक होता. ते घोषवाक्य माझंच, आणि त्याचं कौतुकही झालं होतं.

तिथे माझ्यापाशी एक मुलगी आली. सूक्ष्मजीवशास्त्राची, दुसऱ्या वर्षाची, सडपातळ, चष्मा लावणारी. म्हणाली, “मॅडम, बॅग जवळ ठेवली तर चालेल का? मला लागते.”

मी विचारलं नाही, कशासाठी लागते. मागे रांग खोळंबली होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “एक दिवस सोडून तर बघ. किती हलकं वाटेल!”

तिने बॅग दिली. तिच्या जागी आपण कुणीही दिली असती. विभागप्रमुखाशी कोण हुज्जत घालणार?

त्या मुलीला लहानपणापासून मधुमेह आहे, हे मला ठाऊक नव्हतं. सकाळी इन्शुलिन टोचून ती आली होती; त्यानंतर वेळेत खाल्लं नाही तर साखर घसरते, पण कार्यक्रमपत्रिकेत नऊला नाश्ता छापला होता. आता तो नाश्ता कुठे गेला? आम्ही बाहेरून बोलावलेल्या प्रमुख मार्गदर्शकांनी आदल्या दिवशी सुचवलं, ‘नाश्त्याऐवजी सजग आहार घेऊ.’ सजग आहार म्हणजे प्रत्येकाच्या तळहातावर एक मनुका. एक. ती बघायची, हुंगायची, कानाशी धरायची आणि बारा मिनिटं चघळायची. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी कानाशी धरताना ‘काही ऐकू येत नाही’ असं म्हटल्याचं मला आठवतं. त्यांना शांततादूताने गप्प केलं. शांततादूत म्हणजे निळा बिल्ला लावलेले आपलेच स्वयंसेवक. कुणी हललं की ओठांवर बोट ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. त्या मुलीने दोनदा हात वर केला होता. दोन्ही वेळा तिला ओठांवरचं बोट दिसलं.

दहा वाजता मुख्य सत्र सुरू झालं. सहाशे माणसांनी डोळे मिटले. व्यासपीठावरून मार्गदर्शकांचा संथ, घरंदाज आवाज येत होता. “जे जाणवतंय ते जाणवू द्या. प्रतिक्रिया देऊ नका. फक्त साक्षी राहा.” मी पहिल्या रांगेत होते, आणि निमंत्रक असल्यामुळे इतरांपेक्षा जरा जास्तच घट्ट डोळे मिटले होते.

शांततादूतांनीही डोळे मिटले होते. सभागृहात एकाच माणसाचे डोळे उघडे होते. कारण काचेमागे बसून दर पाच मिनिटांनी घंटेचा नाद सोडायचं काम त्याच्याकडे होतं.

चौथ्या रांगेतल्या मुलीची मान कलंडलेली काकांना दिसली. एवढ्याने काही नाही, मान तर अनेकांच्या कलंडल्या होत्या. कुलसचिव साहेब, मी कुणाकडे बघत नाहीये. पण वातानुकूलित सभागृहात तिच्या कपाळावरून घाम निथळत होता आणि बोटं थरथरत होती. काकांना ते दृश्य घरचं होतं. काकूंना वीस वर्षं साखरेचा त्रास आहे. आणि नेमक्या त्याच वेळी मार्गदर्शकांनी डोळे किलकिले करून तिच्याकडे पाहिलं आणि आम्हा सगळ्यांना सांगितलं, “आपल्यातली एक मुलगी फार खोल गेली आहे. तिला जाऊ द्या.”

काकांनी मार्गदर्शकांचा आवाज बंद केला, स्वतःचा माइक उघडला आणि नोकरीच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा ‘वन टू थ्री’च्या पुढे गेले.

“डोळे उघडा. सगळ्यांनी डोळे उघडा. चौथ्या रांगेतल्या पोरीला कुणीतरी बघा.”

आता मला सांगा, सहाशे सुशिक्षित माणसांनी काय करावं? आम्ही डोळे मिटून मंद हसलो. आम्हाला वाटलं, हा सत्राचाच भाग आहे. डोळे उघडा म्हणजे आतले. माझ्या मागे कुणीतरी ‘वा’ म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं.

मग काचेच्या खोलीचं दार धाडकन आपटलं आणि काका रांगेतून धावत आले. आवाजाने डोळे उघडलेल्या शांततादूताने ओठांवर बोट ठेवलं. काकांनी ते बोट धरून बाजूला केलं. मुलीला सावरून बसवलं, गाल थोपटले, नि ओरडले, “साखर आहे का कुणाकडे? बिस्कीट, गोळी, काहीही?”

सहाशे माणसांत साखरेचा कण नव्हता. ओझी बाहेर होती.

काका व्यासपीठावर चढले. मार्गदर्शकांसाठी खास मध-लिंबूपाणी ठेवलं होतं, तो पेला उचलला. मार्गदर्शक म्हणाले, “अहो, ते माझं आहे.” काका म्हणाले, “प्रतिक्रिया देऊ नका,” आणि खाली उतरले. मुलीला गिळता येत होतं, हे आपलं नशीब. घोट घोट करून त्यांनी तिला पाजलं. एव्हाना माझे डोळे उघडले होते. मी तिच्याजवळ गेले, चेहरा ओळखला, आणि धावत जाऊन तिची बॅग आणली. वरच्याच कप्प्यात ग्लुकोजची बिस्किटं होती. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मला नंतर म्हणाल्या, “आणखी पंधरा मिनिटं तुम्ही साक्षी राहिला असतात, तर मला काही करता आलं नसतं.”

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण विद्यापीठात एखादी गोष्ट अशी संपते का? अहवाल लिहावा लागतो. अहवालात आम्ही लिहिलं, ‘एक किरकोळ व्यत्यय वगळता उपक्रम कमालीचा यशस्वी.’ मग व्यत्ययाचं काहीतरी करायला हवं. मार्गदर्शकांचं नाराजीचं पत्र आलं होतंच. परवानगीशिवाय माइक वापरणे, शांततेचा भंग करणे आणि पाहुण्यांचे पेय परस्पर नेणे, या तीन मुद्द्यांवर काकांना कारणे दाखवा नोटीस निघाली.

तिच्यावर सही माझी होती. मुलीने बॅग मागितली होती, हे तोवर मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मुलगी बरी झाली होती आणि तिनेही ते कुठे म्हटलं नाही. मी स्वतःला समजावलं, सही तर औपचारिक आहे.

काकांचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. विद्यापीठाच्या इतिहासात एवढं छोटं उत्तर आलेलं नाही. ‘आपण कारण विचारले आहे. कारण, माझे डोळे उघडे होते. आपला नम्र.’

ते वाचून मी फाइल कपाटात ठेवली. नोटीस मागे घेतली नाही आणि पुढेही नेली नाही. या अवस्थेला आपण ‘विचाराधीन’ म्हणतो. तीन वर्षं मी काहीही विचार केला नाही. काका मला भेटले की नेहमीसारखे विचारायचे, “मॅडम, आज उभा माइक की हातातला?” बाकी काही नाही. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

गेल्या महिन्यात त्यांच्या निवृत्तीचे कागद अडले. कारण, एक नोटीस प्रलंबित. शेरा देण्यासाठी फाइल माझ्याच टेबलावर आली. ‘मुद्दा कालबाह्य’ एवढं लिहून मोकळं होता आलं असतं, तसं मला सुचवलंही गेलं. मी दोन पानं लिहिली. मनुका लिहिली, वर केलेला हात लिहिला, बॅग लिहिली, खांद्यावर ठेवलेला माझा हात लिहिला. कुलगुरू महोदय, आपण म्हणालात, “मॅडम, इतकं सविस्तर कशाला?” आपण तरीही नोटीस रद्द केलीत, त्याबद्दल आभारी आहे. आणि यंदाच्या मनःशांती समितीतून मला वगळलंत, त्याबद्दल त्याहून आभारी आहे.

नोटीस रद्द झाल्याचं पत्र द्यायला मी काचेच्या खोलीत गेले. काकांनी पत्र वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि स्टूल पुढे सरकवलं. म्हणाले, “बसा मॅडम. पोरगी कशी आहे?”

ती छान आहे, काका. एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. आज रजा टाकून आली आहे आणि तिसऱ्या रांगेत बसली आहे. मला उभं करू नका असं तिने बजावलंय, म्हणून करत नाही. बॅग तिच्या मांडीवर आहे.

पाच मिनिटांची पंधरा झाली. समितीने बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी डोळे उघडे ठेवून ऐकलंत, काकूंनी आपला माणूस इतकी वर्षं आम्हाला दिला, या सगळ्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द कमीजास्त झाला असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावा. त्या दिवशीची माझी चूक मात्र पोटात घालू नये, एवढी विनंती आहे. ती फाइलमध्ये आहे, माझ्या सहीने, आणि यापुढे ज्याला हवी त्याला वाचायला मिळेल.

काका, आता हा माइक कसा बंद करायचा, तेवढं सांगा.