वाळूचा जीव

वेड न्हवं वो पावनं, अभ्यास हाय तो! कुनी सांगितलं तुमास्नी पाटणात, पोरगीला वेड लागलंय म्हनून? — आमच्या भावकीतल्याच कुनीतरी, दुसरं कोन. बसा, आधी च्या घ्या. विश्वजीतरावांचं मामा तुमी, लगनाची तारीख काढायला आलाय, मी कुटं न्हाई म्हनतोय — पर आमची संयोगिता काय शिकती त्ये तरी आयकून घ्या. बेंगलोरला हाय. दुसऱ्या ग्रहावर जीव आसंल तर त्यो आपल्यागतच आसंल का निराळ्याच मालमसाल्याचा — ह्येच्यावर पीएचडी. हसा, हसा. मीबी हसलो हुतो. शनीच्या एका चंद्रावर म्हनं तळी हायेत, पान्याची न्हाईत, गॅसची — दचकू नगा, पत्रिकेतला शनी न्हवं, आभाळातला! — तितं थंडीच एवढी, की गॅस वाहतोय पान्यागत. मी फौजेत आसताना सियाचीनला बाटलीतल्या पान्याचा दगूड झाल्याला बघितलाय, म्हनून माला पटलं. म्हनलं, पोरी, आसल्या थंडीत कोन जगंल गं? तर म्हनती, आण्णा, तुमी न्हाई का जगला?

दिवाळीला आली हुती तवा हितंच, ह्या पायरीवर बसून शिकवलं तिनं माला. कार्बनला चार हात. म्हनून तुमी, मी, ऊस, म्हस — समदं कार्बनचं. म्या इचारलं, चार हात दुसऱ्या कुनाला न्हाईत व्हय? हायेत की, म्हनली, सिलिकॉनला. वाळूत आसतंय त्ये. मग वाळूचा जीव का हू नये? तर माझं मनगट धरलं तिनं — धरलं, सोडलं, धरलं, सोडलं — म्हनली, ह्यो कार्बन, ऑक्सिजन धरतोय आनि श्वासावाटं भाईर निघूनबी जातोय. आनि मग गच्च आवळून बसली. ह्ये सिलिकॉन. ऑक्सिजन धरला की झाली वाळू, सोडायचं नावच न्हाई. आसल्याचा जीव हुनं लय अवघड, आण्णा. — लय जिव्हारी लागलं बगा माझ्या. का म्हंजी? दसऱ्यालाच तुमच्यासंगं तिच्या लगनाची सुपारी फोडून बसलो न्हवतो व्हय मी!

आता बोलून गेलोच हाय तर आयका. तिला त्या सुपारीचं ठावंच न्हाई. — न्हाई न्हाई, नकार न्हाई तिचा, इचारलंच न्हाई तर नकार कुटनं यील! देवळात चार मानसं बसली हुती, तुमचं दाजी म्हनलं, सुभेदार, द्या शब्द — आनि दिला. ह्या रहिमतपुरात माझा शब्द कवा फिरला न्हाई, ह्येचाच तोरा. लगनानंतर शिकू दीऊ म्हनता तुमी, पर कुटं? तिचं समदं त्या बेंगलोरच्या लॅबमधी, आनि नांदायचं पाटणात. विश्वजीतराव गुनाचं हायेत, त्येंच्यात खोट न्हाई वो. मलाच शब्द मागं घिववत न्हाई आनि पोरीला सांगवत न्हाई. मधल्या मधी गुदमरायला झालंय. तिची आई तर बोलतच न्हाई माझ्यासंगं — बघितलं न्हवं, च्याचा कप कसा आपटून गेली?

थांबा — तिचाच फोन. जरा गप ऱ्हावा. — हां, बाळा, बोल… कोन? पावनं? तुला कुनी… आईनं? आत्ता?… व्हय. व्हय, फोडली. दसऱ्याला… आगं आयक तरी, मी काय म्हनतो… हां… हां… बाळा?

ठिवला फोन.

न्हाई, रडली न्हाई. रडली आसती, तोंडाला यील ते बोलली आसती तर बरं झालं आसतं वो. म्हनली, आण्णा, तुमचा शब्द खाली पडायला नगं, सामान बांधून येते मी.

काय काढताय पिशवीतनं — पंचांग? ठिवा त्ये. ठिवा म्हनतो न्हवं! उठा पावनं. जावा.